कप्तानाचा कोट

वहिनी : …आणि ही ती लोखंडी कडी, वन्सं. तिन्ही होड्यांचे दोर हिलाच बांधलेले होते. त्या सकाळी दाट धुकं होतं म्हणतात. बाकीचे म्हणाले, जरा थांबू. कप्तान थांबले नाहीत. त्यांनी हात वर केला, नदीच्या वरच्या अंगाला बोट दाखवलं आणि म्हणाले, 'सोडा.'

मास्तर : मग?

वहिनी : मग काय, सोडले दोर.

मास्तर : नाही, लोक इथं टाळ्या वाजवतात असं ऐकलं होतं. वाजवू का मी?

ताई : गुंड्या, गप बस. बायकोचं काम बघायला आलायस ना, मग बघ. वहिनी, तू सांग गं. एवढी माणसं निघाली तरी कशाला?

वहिनी : नदी कुठून येते ते शोधायला. गावाचं पिणं, धुणं, शेती सगळं हिच्यावर, पण ती येते कुठून हे इथं कुणाला ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हातारे नुसते हात करायचे, 'तिकडून.'

ताई : आणि परवा तूही इथूनच निघणार.

वहिनी : याच धक्क्यावरून. दीडशे वर्षं झाली म्हणून संग्रहालयानं ठरवलंय. तशाच तीन होड्या, तेवढीच चाळीस माणसं, तसेच पोशाख, तीच वाट. तीन महिने. रोज मुक्कामाला मी बरोबरच्या लोकांना त्या जागेची हकीकत सांगायची. आता होड्यांना मोटार आहे एवढंच. आणि बरोबर डॉक्टर आहेत.

मास्तर : दातांचे.

वहिनी : डॉक्टर ते डॉक्टरच.

मास्तर : मी कुठं नाही म्हटलं? नदीत दात दुखला तर सोय झाली.

ताई : हा एवढा का फणफणतोय सकाळपासून?

वहिनी : त्यांनाच विचारा. अठरा वर्षं मी पाहुण्यांना हे गाव दाखवतेय. सुरुवातीला दर सुट्टीला म्हणायची, या एकदा, बघा तरी मी काय करते ते. कधी गिऱ्हाइकाचं लग्न, कधी शिलाईचं मशीन बिघडलेलं. मग मी म्हणायचं सोडून दिलं. पिकतं तिथं विकत नाही. आज आपणहून दुकानाला कुलूप लावलं, तर मला वाटलं तापबीप आला की काय.

ताई : चल, चांगलं झालं. ते रंगीत कारंजं कुठं आहे गं? शेजारीण सांगत होती, गाण्यावर नाचतं.

वहिनी : ते संध्याकाळी लावतात, वन्सं. आधी बागेत जाऊ. पुतळा बघू.

मास्तर : चला. पुतळ्याला चुकवून चालेल कसं.

ताई : हा होय तो? बाई गं, केवढा उंच केलाय. मान दुखायला लागली माझी.

वहिनी : इथं या, सावलीत. इथून नीट दिसतो. हा हात बघा वन्सं, हा उजवा. कारागिरानं तोच क्षण पकडलाय, 'सोडा' म्हणाले तो. बरोब्बर वरच्या अंगाला, त्या वळणाकडं बोट आहे. मी रोज बघते, पण अजून अंगावर काटा येतो. आमचे कप्तान.

मास्तर : आमचे.

वहिनी : म्हणायची पद्धत आहे ती.

मास्तर : माझ्याबद्दल बोलताना 'घरी असतात' म्हणतेस.

वहिनी : कुणाजवळ?

मास्तर : फोनवर. मागच्या महिन्यात. 'कोट का? ते घरी असतात, तुम्ही केव्हाही या मापाला.' जसं काही कपाट आहे मी.

ताई : अरे देवा. गुंड्या, तू या धातूच्या माणसावर जळतोयस?

मास्तर : मी जळत नाही. मी फक्त कोट बघतोय. हात एवढा वर गेला तर खालची कड कमरेवर चढायला नको? इथं काखेत घडी पडायला हवी. एकसुद्धा नाही. असा कोट जगात शिवला गेलेला नाही.

वहिनी : पुतळा आहे हो तो.

मास्तर : म्हणून तर. पुतळ्याचं सगळंच बरं दिसतं. त्याला ना खोकला, ना पाठदुखी. जेवताना ताटात बघून बसत नाही. जिवंत माणसाशी बरोबरी असेल तर माणूस चार हात करतो, मेलेल्याशी भांडणार कसा?

ताई : भांडायचंच कशाला?

मास्तर : तुला काय माहीत, ताई. आमच्या घरी जेवायला आम्ही दोघं बसत नाही, तिघं बसतो. मी म्हणतो, आमटीत मीठ कमी आहे. ही म्हणते, तिसऱ्या मुक्कामावर त्यांचं मीठ संपलं होतं, तरी कप्तान काही बोलले नाहीत.

ताई : खरंच म्हणतेस असं?

वहिनी : एकदा म्हटलं असेन.

मास्तर : त्या मिठाचं मला सगळं पाठ आहे. कुठं भिजलं, कुणी वाळवलं. माझं मीठ राहिलं ते राहिलंच.

ताई : मला हसू येतंय, पण तुझं तोंड बघून हसवत नाही. चला पुढे, माझे गुडघे इथंच धरतील.

वहिनी : हळू या, पायरी आहे. हे त्यांचं घर. म्हणजे निघण्याआधी भाड्यानं घेतलेलं. खाली आता चष्म्याचं दुकान आहे, वर ही एक खोली तशीच राखलीय. हे टेबल त्यांचं. नकाशे इथं पसरायचे. आणि या खिडकीतून नदी, थेट वळणापर्यंत. पहाटे उठून इथं उभे राहायचे.

ताई : छान वारा येतो. गुंड्या, बघ रे, तुझं दुकान दिसतं का इथून?

मास्तर : नाही दिसत. मी एक विचारू का? गाइडला विचारलं तर चालतं ना?

वहिनी : विचारा.

मास्तर : परत कधी आला तो?

वहिनी : सगळे परत आले नाहीत. वर्षभरानं एक होडी आली. कप्तान तिच्यात नव्हते. ते वरच राहिले.

मास्तर : राहिले म्हणजे मेले की राहिले?

वहिनी : नक्की कुणाला माहीत नाही. आलेल्यांनी एवढंच सांगितलं की ते म्हणाले, तुम्ही जा.

मास्तर : म्हणजे आवडलं म्हणून राहिला.

वहिनी : असंही मानतात काही लोक.

मास्तर : आणि त्याची बायको?

वहिनी : कोण?

मास्तर : बायको, बायको. इथं दोन खुंट्या आहेत भिंतीला. एकटा माणूस दोन खुंट्या ठोकत नाही. होती ना बायको?

वहिनी : होती. इथंच राहिली.

मास्तर : नाव काय तिचं?

वहिनी : ते… माहीत नाही. लिहून ठेवलेलं नाही कुणी. आणि मला आजवर कुणी विचारलंही नाही.

मास्तर : बघ ताई. त्या चाळीस जणांची नावं हिला तोंडपाठ आहेत. स्वयंपाक्याचं आहे, त्याच्या कुत्र्याचंसुद्धा आहे. आणि जी घरी बसून वाट बघत म्हातारी झाली असेल, तिचं नाव नाही.

ताई : वहिनी, तू कशाला तोंड पाडतेस? त्याला आज असलंच बोलायचंय. कारंजं नाही तर नाही, चहा तरी पाजा मला कुणी.

वहिनी : होड्यांच्या शेडपाशी चांगला मिळतो. तिथंच त्या होड्या तयार केल्या होत्या, आता संग्रहालय आहे. तुम्ही दोघं त्या बाकावर टेका. मी आत जाऊन तिकिटांचं बघते, आमच्या माणसाला गाठावं लागेल.

ताई : जा, सावकाश ये. …गेली. आता बोल. काय झालंय?

मास्तर : कुठं काय?

ताई : गुंड्या, तुला मी कडेवर घेऊन फिरवलंय. तू काही लपवलंस की एक कान चोळतोस. सकाळपासून लाल झालाय तो कान.

मास्तर : ती जातेय.

ताई : ते मला तारखेसकट माहीत आहे, म्हणून तर आले मी तिला निरोप द्यायला. तू 'जा' म्हणालास असं ती म्हणाली.

मास्तर : म्हणालो. नाही कसं म्हणणार? तिच्या डोळ्यांत बघवत नव्हतं, इतका आनंद. मला विचारलं तेव्हा हातातली पातेली खाली ठेवायचंही भान नव्हतं तिला.

ताई : मग पोटात दुखतंय कशानं? ती जातेय म्हणून, की त्या डॉक्टरबरोबर जातेय म्हणून?

मास्तर : या सफरीत कप्तान तोच होणार आहे. त्याला दाढी आहे, आणि स्वतःची होडी आहे, म्हणून निवडला. उंच आहे. दात तर पांढरेशुभ्र, असणारच म्हणा. एक अख्खा रविवार हिच्याबरोबर हिंडला, सगळी ठिकाणं बघितली. ही घरी येऊन सांगते, काय ऐकतात हो ते, एकदासुद्धा मध्ये बोलले नाहीत.

ताई : मग? तू मध्ये बोलतोस हे काय खोटं आहे?

मास्तर : पुढचं ऐक. मी ताटावर होतो. ही म्हणाली, 'आणि हात कसा उचलतात, अगदी पुतळ्यासारखा.' म्हणताना तिचाही हात उठला. भात वाढता वाढता, भातवाढीसकट. आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. माझं काही सांगताना तिचा हात कधी असा उठलेला नाही.

ताई : अरे, हात कसा उठला यावरून संसार मोजतोस?

मास्तर : मी शिंपी आहे. मी कशावरून मोजणार?

ताई : बरं. पुढे काय केलंस?

मास्तर : काय केलं?

ताई : कान.

मास्तर : …सगळ्यांचे पोशाख माझ्याकडेच आलेत. चाळीस कोट. त्याचाही. माप मीच घेतलं. ढेरी नाही मेल्याला. मी त्याचा मुंढा खाली उतरवला.

ताई : म्हणजे? मला समजेल असं बोल.

मास्तर : मुंढा म्हणजे बाही जिथं अंगाला जोडतात ती गोलाई. ती काखेत घट्ट वर घेतली तर हात मोकळा राहतो. खाली उतरवली आणि बाही चिंचोळी केली, तर माणूस नुसता उभा असताना कोट राजासारखा दिसतो. पण हात वर करायला गेला की सगळा कोट कानांपर्यंत वर येतो, आणि हात खांद्याच्या वर जातच नाही.

ताई : तू मुद्दाम केलंस.

मास्तर : बाकीच्या एकोणचाळीसांचे हात कुठंही जाऊ देत.

ताई : परवा सगळ्या गावासमोर तो हात वर करणार, आणि…

मास्तर : आणि करू शकणार नाही. बस. तेवढंच. बुडायला थोडाच लावलाय मी त्याला.

ताई : लाज वाटायला हवी तुला. आपल्या बाबांनी शत्रूचा सदरासुद्धा वाकडा शिवला नसता. आणि फजिती होणार कुणाची? लोक म्हणणार, कोट कुणी शिवला. म्हणजे तुझीच. स्वतःच्या हातानं स्वतःच्या दुकानाच्या पाटीवर चिखल फेकलास.

मास्तर : माहीत आहे.

ताई : मग उसव तो. आज.

मास्तर : कोट त्याच्याकडे आहे. तालीम आहे ना आज.

ताई : कुठं?

मास्तर : इथंच. शेडच्या मागच्या धक्क्यावर. ती आली बघ. ताई, तू काही बोलू नकोस.

ताई : मी कशाला बोलू? तुझा कान बोलतोय.

वहिनी : झालं, मिळाली तिकिटं. आणि नशीब चांगलं आहे, वन्सं. वरच्या सज्ज्यातून तालीम दिसते म्हणाले. या, जिना अरुंद आहे, हात धरा माझा. हा खालचा लाकडी सांगाडा दिसतो ना, परत आलेल्या होडीचा, तो मूळचा आहे. ही खिडकी. ते बघा सगळे उभे आहेत. काय देखणे दिसतायत कोट. अहो, बघा की, तुमचं काम.

मास्तर : दिसतंय मला.

ताई : तो दाढीवाला?

वहिनी : तेच. आता तो प्रसंग येईल. दोर धरलेत त्यांनी. आता कप्तान पुढे येतील… आले. आता हात…

ताई : अगं बाई.

वहिनी : काय झालं? का थांबले? पुन्हा करतायत. …हे काय. सगळा कोट वर गेला. मान दिसेनाशी झाली.

ताई : खांदा दुखत असेल त्यांचा.

वहिनी : लोक हसतायत, वन्सं. ते दुसऱ्या हातानं कोट खाली ओढतायत. पुन्हा… नाही. जात नाहीये वर. आता डाव्या हातानं दाखवतायत. डावा हातसुद्धा जात नाही.

मास्तर : चला, खाली जाऊ.

वहिनी : थांबा. काल त्यांचा फोन आला होता मला. म्हणाले, कोट जरा धरतोय, मास्तरांना दाखवू का. मी काय म्हणाले, माहीत आहे?

मास्तर : काय?

वहिनी : मी म्हणाले, आमच्या मास्तरांचा हात चुकत नाही. वीस वर्षांत एक कपडा परत आलेला नाही. तुमचंच वजन वाढलं असेल. ते ओशाळले बिचारे. म्हणाले, खरं आहे, आता दोन दिवस जेवणारच नाही मी. कालपासून तो माणूस उपाशी आहे हो.

ताई : काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोष काखेत, आणि तो शोधतोय पोटात.

वहिनी : म्हणजे तुम्हालाही माहीत आहे, वन्सं?

ताई : आत्ताच कळलं. बाकावर.

वहिनी : चूक नाही ना ही? माझ्याकडं बघा. तुम्ही डोळे मिटून काज करता. मुंढा तुमच्याकडून चुकेल?

मास्तर : नाही चुकणार.

वहिनी : का केलंत?

मास्तर : तू म्हणालीस, अगदी पुतळ्यासारखा.

वहिनी : एवढ्यासाठी?

मास्तर : तुला एवढंसं वाटतं. मला ती रात्र गिळता आली नाही. तू वीस वर्षं माझ्या घरात आहेस आणि तुझं मन कायम त्या नदीच्या वरच्या अंगाला. मेलेल्याबरोबर गेलेलं होतं तोवर मी काही बोललो नाही. आता त्याला तुम्ही दाढी लावून, दात घासून माझ्याकडे मापाला पाठवलंत. त्याच्या छातीला टेप लावताना मला काय वाटलं असेल?

वहिनी : आणि मला काय वाटत असेल?

मास्तर : तुला?

वहिनी : मला हेवा वाटत नाही असं वाटतं तुम्हाला? अख्खं गाव तुमच्या हातचं घालून फिरतं. रस्त्यात कुणाच्या पाठीवर शिवण नीट बसलेली दिसली की मला कळतं, हे तुमचं. चाळीस कोट शिवलेत या सफरीसाठी. एकेकाला तीनतीनदा बोलावलंत, इथं टोचतंय का, तिथं ढिलं वाटतंय का. मीही जातेय ना? एक्केचाळिसावी. मला कुणी विचारलं, टोचतंय का म्हणून?

ताई : तुझं जाकीट… ते बाह्या दुमडलेलं, सकाळी बघितलं मी पिशवीत. ते तयार घेतलेलं आहे?

वहिनी : बाजारातून. पुरुषांचं आहे, बायकांचं नव्हतं. महिनाभर वाट बघितली मी. रोज वाटायचं, आज म्हणतील, उभी राहा, माप घेतो. शेवटी गेले आणि घेऊन आले. तरी वाटलं, बाह्या लांब आहेत हे बघून तरी बोलतील.

मास्तर : बघितलं होतं मी.

वहिनी : मग?

मास्तर : तुला शिवलं असतं तर तू गेली असतीस.

वहिनी : शिवलं नाहीत, तरी जातेय.

ताई : …मी जरा त्या होड्या बघून येऊ का?

वहिनी : नाही, वन्सं. थांबा इथं. मी खाली जाऊन येते.

(ती खाली जाते आणि थोड्या वेळानं कोट घेऊन परत येते.)

वहिनी : हा घ्या.

मास्तर : काय सांगितलंस त्याला?

वहिनी : कापड आटलं म्हटलं.

मास्तर : माझं कापड आटत नाही. मी भिजवून मगच कापतो.

वहिनी : मग जाऊन खरं सांगू?

मास्तर : …नको.

वहिनी : रागावलेसुद्धा नाहीत ते. म्हणाले, मास्तरांना उगाच त्रास. तालीम अर्धा तास थांबवलीय. होईल का अर्ध्या तासात?

मास्तर : होईल. काखेत कळी घालावी लागेल. म्हणजे चौकोनी तुकडा, दोन्हीकडे. ताई, जरा उजेडातून सरक.

ताई : आणि तुकडा कुठून आणणार आता? दुकानात जाऊन?

मास्तर : आहे.

ताई : खिशात? सुई, दोरा, कात्री, सगळंच आहे की. अरे, हा तर त्याच कापडाचा.

मास्तर : चार दिवस खिशातच घेऊन हिंडतोय.

वहिनी : म्हणून आलात आज. मूर्ख मी. मला वाटलं, अठरा वर्षांनी का होईना, मला ऐकायला आले.

मास्तर : ऐकलं की.

वहिनी : काय ऐकलंत? मध्ये मध्ये टोमणे मारत होतात.

मास्तर : टोमणे मारताना कान बंद नसतात. कडी ऐकली, पुतळा ऐकला, ती खोली ऐकली. तू बोलत असतेस तेव्हा वेगळीच असतेस. घरात एवढा मोठा आवाज नाही तुझा. आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी तू त्या वळणाकडं बघतेस. बघतेस, आवाज खाली येतो, आणि 'चला' म्हणतेस.

वहिनी : हे कधी बघितलंत?

मास्तर : प्रत्येक वेळी.

वहिनी : …तेच आहे, अहो. लोकांना मी म्हणते, इथून ते गेले, तिकडं गेले, असा डोंगर, असं रान. सगळं वाचलेलं आणि ऐकलेलं. मी या धक्क्यापर्यंत येते आणि परत फिरते. रोज. अठरा वर्षं. त्या वळणापलीकडं मी एकदासुद्धा गेलेली नाही. कप्तान कसला आणि डॉक्टर कसला. मला फक्त ते वळण ओलांडायचंय.

ताई : हे तू याला आधी का नाही सांगितलंस, पोरी?

वहिनी : यांनी विचारलं, किती दिवस. यांनी विचारलं, बरोबर कोण. कशाला जातेस, हे विचारलंच नाही.

मास्तर : उत्तराची भीती वाटत होती.

ताई : तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना? की मधे नदी आहे?

मास्तर : ही एक बाजू झाली. ते जाकीट दे इकडं. हे संपलं की बाह्या आखूड करतो. आज रात्रीत खांदेही बसवून देतो.

वहिनी : राहू दे.

मास्तर : पाण्यात हात घातलास की भिजतील बाह्या.

वहिनी : दुमडून घालीन. महिनाभर वाट बघितली ना मी, आता त्या जाकिटाचीच सवय करून घेतलीय. आधी त्यांचा कोट पुरा करा. खाली उभे आहेत, नुसत्या सदऱ्यावर.

मास्तर : त्यांचा आधी.

वहिनी : तुम्हीच बिघडवलाय.

मास्तर : हो. मीच. …ताई, ही दोऱ्याची रीळ धर. घट्ट नाही, सैल.

ताई : धरलीय. टाका वाकडा पडतोय तुझा.

मास्तर : अंधार आहे इथं. …आणि वळणापलीकडं काहीच नसलं तर? नुसती अजून नदीच असली तर?

वहिनी : तर तसं येऊन सांगेन.

मास्तर : येऊन.

वहिनी : येऊन. मी कप्तान नाही. परत येणार आहे मी.

मास्तर : आणि आलीस की धक्क्यावर माणसं उभी असतील. संग्रहालयाचे, पेपरवाले. सगळ्यांना सांगशील, आणि मग रात्री घरी येऊन म्हणशील, दमले आता, उद्या बोलू. मला कायम उरलेलंच मिळालंय तुझं.

वहिनी : बरं, नाही सांगणार त्यांना. धक्क्यावर तोंड मिटून उतरेन. घरी येईन, दार लावून घेईन आणि पहिलं तुम्हाला सांगेन. पाणी कसं दिसलं, काठ कसा होता, सगळं. तुमच्याआधी कुणालाही नाही. मग तर झालं?

ताई : हे बरं झालं. गुंड्या, हो म्हण.

मास्तर : कुणालाही नाही?

वहिनी : कुणालाही नाही.

मास्तर : डॉक्टरला?

वहिनी : त्यांना काय सांगायचं, अहो? ते तर तिथं असणारच माझ्याबरोबर.

मास्तर : तेच तर.